साइडकारच्या गाडीचे हँडल हलके करताना

मोटारसायकलला साइडकार जोडून पहिल्या वळणावर आलेल्या माणसाला वाटते, हँडल कुठेतरी अडकले आहे. अडकलेले काहीच नसते. ज्या मापांनी कारखान्यात गाडीचे पुढचे अंग बसवले ती मापे दोन चाकांसाठी होती, आणि आता चाके तीन झाली आहेत. हँडलशी रोज झटापट करत दोन्ही खांदे दुखवून घेणारे अनेक हौशी लोक असतात. 'साइडकारची गाडी अशीच असते' अशी त्यांची समजूत करून दिलेली असते. ती समजूत चुकीची आहे. पुढच्या चाकाची भूमिती योग्य प्रमाणात बदलली तर तीच गाडी दिवसभर थकवा न देता चालवता येते. मात्र हा बदल जिवाशी खेळणारा आहे. म्हणून काय बदलायचे, किती आणि कशाला हात लावायचाच नाही, हे गॅरेजात जाण्याआधी स्वतःला नीट माहीत हवे.

सोलो, म्हणजे साइडकार नसलेली, गाडी आपण हँडल फिरवून वळवत नाही, झुकवून वळवतो. वेगात डावीकडे जायचे तर डावा हात हँडल किंचित पुढे ढकलतो, गाडी डावीकडे कलते आणि वळते. हे आपण विचार न करता करतो. साइडकार लावली की गाडी कलणे बंद होते. आता डावीकडे जायचे तर डावी मूठ स्वतःकडे ओढावी लागते. जुन्या सवयीने ती पुढे ढकलली तर गाडी उजवीकडे, म्हणजे समोरून येणाऱ्या वाहनांकडे जाते. भूमिती बदलण्याआधी ही सवय बदलायला हवी, आणि त्यासाठी मोकळ्या मैदानाखेरीज दुसरी शाळा नाही.

आता जडपणाचे कारण पाहू. हँडलचा दांडा फ्रेमच्या ज्या नळीत फिरतो तिची मध्यरेषा खाली जमिनीपर्यंत वाढवली, तर ती टायर जिथे टेकतो त्याच्या थोडी पुढे जमिनीला मिळते. या दोन बिंदूंमधले अंतर म्हणजे ट्रेल. ऑफिसच्या खुर्चीचे छोटे चाक जसे आपोआप ढकलण्याच्या दिशेने सरळ होते, तसेच ट्रेलमुळे गाडीचे चाक स्वतःहून सरळ राहू पाहते. दोन चाकांवर हा गुण लागतोच. न कलणाऱ्या गाडीत तोच आडवा येतो, कारण वळणावर टायरवर येणारा बाजूचा जोर ट्रेलच्या लांबीने गुणला जाऊन हँडल सरळ करू पाहतो आणि तेवढ्याच जोराने आपल्याला ते वळते धरून ठेवावे लागते. समजा वळणावर पुढच्या टायरवर बाजूने पन्नास किलोचा जोर आला आणि ट्रेल ११२ मिमी आहे. सत्तर सेंटिमीटर रुंद हँडलवर प्रत्येक हाताला साधारण सात किलो जोर लावावा लागेल, आणि तो संपूर्ण वळणभर. ट्रेल निम्मी केली की हा जोरही जवळजवळ निम्म्यावर येतो. सोलो गाड्यांची ट्रेल बहुधा ९० ते १२० मिमी असते. साइडकारच्या गाडीला ५० ते ६५ मिमी पुरते.

इथे एका गैरसमजाबद्दल सविस्तर सांगणे भाग आहे, कारण त्यापायी चांगल्या फ्रेम कापल्या गेल्या आहेत. पुढचे पाइप तिरके करून चाक पुढे काढले की तीनचाकी गाडी हलकी होते, असे अनेकजण सांगतात. या वाक्यात अर्धे सत्य आहे. चाक पुढे काढण्याचे मार्ग दोन आहेत आणि त्यांचे परिणाम एकमेकांच्या अगदी उलट आहेत. फ्रेमची हँडलनळी कापून तिचाच कोन वाढवला तर ट्रेल वाढते आणि हँडल आणखी जड होते. हँडलनळी आहे तशी ठेवून फक्त पाइप तिच्यापुढे सरकवले, किंवा तिच्या तुलनेत तिरके केले, तर ट्रेल कमी होते.

आकड्यांत पाहा. पुढच्या चाकाची त्रिज्या ३२० मिमी, हँडलनळीचा उभ्या रेषेशी कोन, म्हणजे रेक, २७ अंश, आणि हँडलच्या दांड्यापासून ॲक्सलपर्यंतचे काटकोनातले अंतर, म्हणजे ऑफसेट, ४५ मिमी धरू. १९ इंची चाकाच्या ३५० सीसी गाडीची मापे याच्या आसपास येतात. ट्रेल काढण्यासाठी त्रिज्येला रेकच्या साइनने गुणायचे, त्यातून ऑफसेट वजा करायचा आणि उत्तराला रेकच्या कोसाइनने भागायचे. या मापांवर ट्रेल सुमारे ११२ मिमी येते. नळी कापून रेक ३२ अंश केला तर ती १४७ मिमी होते. नळीला हात न लावता ऑफसेट ४० मिमीने वाढवला तर ६८ मिमीवर येते. दोन्ही गाड्यांत चाक पुढे गेलेले दिसेल, पण एकीचे हँडल पेलवणार नाही आणि दुसरीचे एका हाताने वळेल.

तरीही भूमितीला हात लावण्याआधी साइडकारची जोडणी तपासा. हँडल जड असल्याच्या किंवा गाडी एका बाजूला ओढत असल्याच्या पुष्कळ तक्रारी जोडणी नीट केल्यावरच संपतात. आपल्याकडे साइडकार डाव्या बाजूला असते. चालवणारा गाडीवर बसलेला असावा, साइडकारमध्ये नेहमीचे वजन असावे आणि मगच मापे घ्यावीत. ॲल्युमिनियमचे दोन सरळ चौकोनी पाइप घ्या. एक गाडीच्या दोन्ही चाकांना लावा, दुसरा साइडकारच्या चाकाला. दोन पाइपांमधले अंतर मागच्यापेक्षा पुढे १० ते २० मिमी कमी असावे. याला टो-इन म्हणतात. तो नसेल तर गाडी डावीकडे ओढत राहते, आणि फार असेल तर टायर घासून जातात. साइडकारचे चाक मागच्या ॲक्सलच्या रेषेपेक्षा साधारण १५० ते २५० मिमी पुढे असावे. ते फार मागे असले तर उजव्या वळणावर गाडी साइडकारच्या नाकावर कलंडण्याचा धोका वाढतो. फार पुढे असले तर टायर घासतात आणि हँडल अधिक जड होते. गाडी स्वतः साइडकारपासून दूर, म्हणजे उजवीकडे, एक ते दोन अंश कललेली ठेवावी. आपले रस्ते पावसाचे पाणी वाहून जावे म्हणून डावीकडे उतरते असतात. या कलामुळे तो उतार भरून निघतो आणि गाडी सरळ चालते.

जोडणी ठीक असूनही गाडी गॅस दिला की डावीकडे आणि ब्रेक दाबला की उजवीकडे किंचित जाते. साइडकारच्या चाकाला इंजिनाचा जोर नसतो आणि बहुधा ब्रेकही नसतो, म्हणून हे घडते. ट्रेल कमी केल्याने हा गुण जात नाही, पण तो सावरायला लागणारा जोर कमी होतो. साइडकारच्या चाकाला ब्रेक बसवता आला तर अवश्य बसवा.

यानंतर ट्रेल प्रत्यक्ष मोजा. कंपनीच्या पुस्तकातला आकडा नवीन, मोकळ्या गाडीचा असतो. वापरलेल्या स्प्रिंगा, बदललेले टायर आणि साइडकारचे वजन यांनी तो बदललेला असतो. गाडी सपाट फरशीवर उभी करा, हँडल सरळ ठेवा आणि चालवणाऱ्याला बसवा. पुढच्या ॲक्सलच्या मध्यापासून ओळंबा सोडून फरशीवर खूण करा. मग हँडलनळीच्या बाजूला तिच्या मध्यरेषेला समांतर आणि तिच्या मध्याशी जुळेल अशी एक सरळ, लांब पट्टी धरा, खाली फरशीला टेकेपर्यंत न्या आणि तिथे दुसरी खूण करा. दोन खुणांमधले अंतर म्हणजे तुमची खरी ट्रेल. कोन मोजायला फोनमधले ॲप चालते, पण फोन हँडलनळीला लावा, पाइपाला नाही. पाइप तिरके केलेल्या गाडीत पाइपाचा कोन आणि नळीचा कोन वेगळा असतो, आणि तिथे चूक झाली तर पुढचे सारे गणित चुकते.

आता उपायांकडे वळू. सगळ्यात हलका उपाय म्हणजे पुढचे पाइप टीमधून, म्हणजे ते धरून ठेवणाऱ्या आडव्या तुकड्यांमधून, थोडे वर सरकवणे. यातून फार काही मिळत नाही. २० मिमी सरकवले तर ट्रेल जेमतेम पाच मिमी कमी होते आणि वर गाडी पुढून बसते. चाक लहान करणे, म्हणजे १९ इंचाऐवजी १६ इंची रिम घालणे, थोडे अधिक उपयोगी आहे. त्याने वरच्या मापांच्या गाडीची ट्रेल ९० मिमीच्या आसपास येते. ज्यांना गावातल्या गावात, कमी वेगात गाडी चालवायची आहे त्यांनी तेवढ्यावर थांबावे असे मला वाटते.

खरा मधला मार्ग म्हणजे जास्त ऑफसेटची नवी टी बनवून घेणे. ज्या दोन आडव्या तुकड्यांनी पुढचे पाइप हँडलच्या दांड्याला धरलेले असतात, त्या वरच्या आणि खालच्या टीमध्ये पाइपांची भोके दांड्यापासून अधिक पुढे पाडायची. दुसरा प्रकार भोके काही अंशांनी तिरकी पाडण्याचा. चार अंशांच्या तिरक्या टीने, पाइप ॲक्सलपर्यंत साधारण ६०० मिमी लांब असले तर, ॲक्सल ४२ मिमी पुढे जाते, म्हणजे परिणाम जवळपास तोच. मला सरळ टी अधिक पसंत आहे, कारण तिरक्या टीमध्ये वरच्या आणि खालच्या भोकांची रेषा अर्ध्या अंशाने जरी चुकली तरी पाइप अडकतात आणि स्प्रिंग काम करेनाशी होते.

टी हा वेल्डिंगवाल्याकडे उरकून घेण्याचा भाग नाही. ठोस ॲल्युमिनियम मिश्रधातूच्या किंवा पोलादाच्या ठोकळ्यातून सीएनसी यंत्रावर कापून घ्या. बिडाचे ओतीव काम करू नका, कारण बीड धक्क्याने वाकत नाही, तडकते. पुण्यात भोसरीला, कोल्हापुरात उद्यमनगरला आणि शिरोलीला असे काम अचूक करणारी यंत्रे आहेत. तिथे जाताना फक्त जुनी टी नेऊन 'अशीच, पण पुढे' असे सांगू नका. मापांसह रेखाटन न्या आणि तयार तुकडा घरी आणण्याआधी दोन्ही टींची भोके एकमेकांशी जुळतात का ते सरळ रॉड घालून पाहा.

नवी टी बसवल्यावर अनेकांच्या लक्षात न येणारी एक गोष्ट घडते. हँडलची मध्यरेषा तिरकी असल्यामुळे ॲक्सल नुसते पुढे जात नाही, थोडे वरही जाते. ४० मिमी पुढे सरकवले तर ते सुमारे १८ मिमी वर येते, म्हणजे गाडीचे नाक तेवढे खाली बसते. त्यामुळे हँडलनळी थोडी उभी होते आणि ट्रेल ६८ ऐवजी सुमारे ६३ मिमीवर स्थिरावते. हे आधीच हिशेबात धरले नाही तर 'अजून थोडे' करता करता ट्रेल ४० मिमीच्या खाली जाते, आणि तिथे हँडल इतके हलके होते की खड्ड्यात गाडी भरकटते. ४५ मिमी ही मी खालची मर्यादा मानतो.

टी बदलल्यावर हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळवून पाहा. पाइप टाकीला लागतात का, ब्रेकची नळी आणि क्लचची केबल ताणली जाते का, हँडल लॉक बसते का, शॉकअप पूर्ण दबल्यावर चाक मडगार्डला किंवा सायलेन्सरला घासते का, हे सगळे तपासा. ब्रेकची नळी लांब लागली तर नवीनच घ्या. जुनीला जोड देऊ नका.

सगळ्यात चांगला उपाय मात्र लीडिंग लिंक फोर्क. यात पुढचे चाक सरकत्या पाइपांऐवजी दोन्ही बाजूंच्या झुलत्या दांड्यांवर बसवलेले असते, आणि दांड्यांचे सांधे चाकाच्या मागे असतात. साइडकारमुळे पुढच्या चाकावर सतत बाजूने जोर येतो. साधे पाइप तो सहन करताना वाकतात, लीडिंग लिंक मुरगळत नाही. शिवाय ट्रेल हवी तेवढी ठरवता येते. ब्रिटिश अभियंता अर्नी अर्ल्स यांच्या नावाने ओळखला जाणारा फोर्क याच जातीचा. बीएमडब्ल्यूने १९५५ ते १९६९ या काळात तो आपल्या गाड्यांवर वापरला आणि त्यात झुलत्या दांड्याच्या सांध्यासाठी दोन जागा दिल्या होत्या, एक सोलोसाठी आणि एक साइडकारसाठी. खीळ काढून दुसऱ्या जागी घातली की ट्रेल कमी होई. मूळच्या रशियन उराल साइडकार गाड्यांवरही लीडिंग लिंक दिसतो. तो स्थानिक पातळीवर बनवता येतो, पण वेल्डिंगचा दर्जा, सांध्यांचे बुश आणि ब्रेकची टेकण या तीन जागी कसलीही काटकसर नको. ड्रमची ब्रेकप्लेट थेट झुलत्या दांड्याला बांधली तर ब्रेक मारल्यावर गाडीचे नाक खाली जाण्याऐवजी वर उचलते. वेगळी टेकण देऊन ब्रेकचा जोर फोर्कच्या मुख्य भागावर नेला तर हा दोष जातो.

पाइप लांब करण्यासाठी आत आटे पाडून तुकडा जोडणे, पाइप तापवून वाकवणे, हँडलचा दांडा कापून जोडणे, फ्रेमच्या नळीला कटर लावणे, हे कोणी स्वस्तात करून देतो म्हणाला तरी तिथून उठून यावे. हे भाग तुटण्याआधी सूचना देत नाहीत.

ट्रेल कमी केली की ताशी २५ ते ४५ किमीच्या वेगात, विशेषतः गॅस सोडताना, हँडल डावी-उजवीकडे थरथरू शकते. घाबरून हँडल आवळून धरले तर ती थरथर बहुधा वाढतेच. आधी टायरमधली हवा, चाकाचे बॅलन्सिंग आणि हँडलचा कोनसेट, म्हणजे हँडलनळीतली बेअरिंगे, बघा. कोनसेट सैल असेल तर कोणतीही भूमिती चालणार नाही. साइडकारचे सांधे ढिले असतील तरी हीच थरथर येते. हे सगळे ठीक असताना थरथर उरली तर स्टिअरिंग डॅम्पर बसवा. जुन्या ब्रिटिश घडणीच्या गाड्यांवर हँडलच्या मधोमध घट्ट-सैल करायची घुंडी असे, ती याचसाठी होती. आता हायड्रॉलिक डॅम्पर मिळतात. डॅम्परने थरथर शमवायची असते, चुकीची जोडणी झाकायची नसते.

मागे दोन चाके लावलेल्या ट्राइकला हेच गणित लागू पडते, फक्त ओढ एका बाजूची नसते. हार्ले-डेव्हिडसनने २००९ च्या मॉडेल-वर्षासाठी ट्राय ग्लाइड कारखान्यातून आणली तेव्हा पाइप हँडलनळीपेक्षा जास्त तिरके ठेवले, ते ट्रेल कमी करण्यासाठीच. ट्राइक बनवताना मागची उंची बदलते हे विसरू नका. मागचा भाग ३० मिमी वर गेला की रेक सव्वा अंशाने कमी होतो. पुढे दोन चाकांच्या ट्राइकची भूमिती मोटारीची असते, ती घरगुती प्रयोगाची नाही.

महाराष्ट्रात दुचाकीला जादा चाके लावून केलेली सर्वांत जास्त दिसणारी गाडी म्हणजे दिव्यांग बंधू-भगिनींची साइड व्हील लावलेली स्कूटर. तिच्या पुढच्या भूमितीला हात लावू नये, असे माझे ठाम मत आहे. स्कूटरचे चाक लहान असल्याने ट्रेल मुळातच कमी असते. हँडल जड वाटत असेल तर पुढच्या टायरची हवा आणि कोनसेट पाहा, आणि साइड व्हील दोन्ही बाजूंना समान उंचीवर आहेत का ते मोजा. एक चाक खाली असेल तर सगळा भार हातांवर येतो. ज्यांच्या हातात ताकद कमी आहे त्यांच्यासाठी हा फरक फार मोठा असतो. किट घेताना एआरएआयसारख्या चाचणी संस्थेचे प्रमाणपत्र मागा.

कायद्याचे भान आधीपासून ठेवा. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीतल्या मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच स्पष्ट केले आहे. म्हणून साइडकार जोडण्याआधी किंवा पुढचा फोर्क बदलण्याआधी आरटीओत लेखी विचारणा करा, मंजुरीनंतरच बदल करा आणि नोंदणीपुस्तकात नोंद करून घ्या. विमा कंपनीलाही कळवा. नोंद नसलेला बदल अपघातानंतर दावा अडवायला पुरेसा होतो.

पहिली चाचणी मोकळ्या मैदानात, साइडकारमध्ये ४० ते ५० किलो वाळूची पोती बांधून घ्या. वेग हळूहळू वाढवा, डावी वळणे आणि ब्रेक स्वतंत्रपणे तपासा. पन्नास किलोमीटरनंतर आणि पुन्हा दोनशे किलोमीटरनंतर प्रत्येक बोल्ट कसून पाहा. आणि कधी साइडकार काढून गाडी दोन चाकांवर चालवायची वेळ आली, तर कारखान्याची जुनी टी परत बसवल्याशिवाय रस्त्यावर नेऊ नका. साठ मिमी ट्रेलची सोलो गाडी वेगात सरळ राहत नाही. जुनी टी तेल लावून जपून ठेवा.